रुकडीकरांच्या पाच केतक्या

केतकी रुकडीकर एकटी होती तोवर घरात सगळं सुरळीत होतं. एकीच्या पाच झाल्या आणि आख्ख्या घराच्या डोक्याचं भरीत झालं.

देववाडी हे कृष्णाकाठचं दत्ताचं गाव. मिरजेहून बिनड्रायव्हरच्या वडाप जीपमध्ये बसलं की ते म्हशींना वाट देत, कुत्र्यांची माफी मागत अर्ध्या तासात आणून सोडतं. गावात पुजाऱ्यांची घरं आणि घराघरांत भाविकांसाठी सोवळ्यातलं जेवण. रुकडीकरांकडे रोज वीस-पंचवीस पानं उठायची आणि रांधायला केतकी. तिच्या हातच्या कटाच्या आमटीची कीर्ती अशी, की सोलापूरचा एक भक्त दोन वाट्या पिऊन देवळात न जाताच माघारी फिरला. म्हणाला, "व्हायचं ते दर्शन झालं." ह्यात खोटं असलंच तर वाट्यांच्या आकड्यात असेल.

आता सोवळ्यातलं घर म्हटल्यावर 'बाजूला बसणं' आलंच. जग मंगळावर बटाटे लावायला निघालं होतं, पण रुकडीकरांकडे बाईने पाळीचे चार दिवस चुलीला शिवायचं नाही हा नियम जागचा हलला नव्हता. केतकीने त्याविरुद्ध कधी चकार शब्द काढला नाही. भल्या पहाटेपासून पुरण वाटणाऱ्या बाईला महिन्यातून चार दिवस परसाकडची खोली, खाट, पंखा आणि मोबाइल मिळत असेल तर ती नियमाला नावं कशाला ठेवील? त्या खोलीत पडून ती क्रिकेटचे कसोटी सामने बघायची. नाणेफेकीपासून शेवटच्या विकेटपर्यंत. मधे कुणी उठवायचं नाही असा जगात तो एकच खेळ आणि घरात ती एकच खोली.

मग चाळिशी उलटली आणि चाराचे आठ झाले, आठाचे अठरा. अंगावरून जायला लागलं की थांबायचं नाव नाही. केतकीने आधी मनावर घेतलं नाही. ऑस्ट्रेलियाचा दौरा चालू होता. तिकडे स्वयंपाकघरात नवरा श्रीपाद, ज्याला लग्नाआधी पाणीसुद्धा करपवता येत होतं, तो सोवळ्याचा कद नेसून आईच्या हुकमाखाली पुरण घाटायला शिकला. आई म्हणजे उज्ज्वलाबाई, केतकीच्या सासूबाई. त्या खुर्चीवर बसून नुसत्या वासावरून सांगायच्या, "श्रीपू, हिंग विसरलास." दौरा संपत आला तेव्हा केतकीचे ओठ मुळ्याच्या रंगाचे झाले होते आणि एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली. लोकांनी उचलून वडापात घातली. वडापाने त्या दिवशी म्हशींनाही वाट दिली नाही.

मिरजेच्या डॉ. पद्मजा चौगुले म्हणजे बोलायला फटकळ आणि हाताला हलक्या.

"केतकीताई, रक्त साडेसहावर आलंय. एवढ्यावर माणसं जिना चढत नाहीत. तुम्ही नदीवर काय करत होता?"

"पाय धुवायला गेले होते."

"थोडक्यात देवाचे पाय दिसायचे राहिले."

सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासून झाला. गाठ नाही, कॅन्सर नाही. शिरेतून लोह चढवत डॉक्टरांनी समजावलं, "गर्भाशयाला आतून अस्तर असतं. त्याला दोन गवंडी समजा. इस्ट्रोजेन नावाचा गिलावा चढवतो. प्रोजेस्टेरॉन नावाचा तो घट्ट बसवतो, आणि महिना भरला की तो कामावरून निघून जातो. तो गेला की सगळा गिलावा एकदम, नीट उतरतो. ती पाळी. तुमच्या वयात बीज दर महिन्याला सुटत नाही. बीज नाही सुटलं की दुसरा गवंडी कामावरच येत नाही. पहिला आपला थरावर थर चढवत बसतो. मग आज इथला पोपडा पडतो, उद्या तिथला."

"म्हणजे माझ्या पोटात ग्रामपंचायतीचं बांधकाम चाललंय."

"तसंच. उपाय चार आहेत. गोळ्या घ्यायच्या, म्हणजे दुसऱ्या गवंड्याला रोजंदारीवर आणायचं. नाहीतर आत एक इवलंसं साधन बसवायचं, ते पाच-सात वर्षं तेच हार्मोन थोडं थोडं सोडत राहतं."

"तांबी?"

"तांबी नव्हे हो, त्यात तांबं नसतंच."

"पण दिसते तशीच."

"बरं, म्हणा तांबी," डॉक्टरांनी हात टेकले. "तिसरा, आत उष्णता देऊन अस्तरच जाळून टाकायचं. पुढे मूल नको असेल तरच. तुमची मुलगी ईशा तर पुण्यात कॉलेजला आहे, म्हणजे तो प्रश्न नाही. आणि चौथा, पिशवीच काढायची. काहीच न करणं हा पाचवा, पण त्याला मी उपाय म्हणत नाही. दत्तजयंतीच्या आत काहीतरी एक ठरवा. गर्दीत परत कोसळलात तर मी जबाबदार नाही."

"तुम्हीच सांगा की कुठला."

"पूर्वी मी सांगायचे. आता तुमचं तुम्हीच तुम्हाला सांगायचं."

दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं. त्याचं खरं नाव घ्यायला दोन श्वास लागत, म्हणून सगळे त्याला नुसतं 'पुढची' म्हणायचे. अस्तराच्या तुकड्यातल्या पेशींपासून काचेवर नखाएवढी जिवंत अस्तरं वाढवायची. प्रत्येकाला एकेक उपाय द्यायचा. काचेवरचा काळ पळवता येतो, तिथे एका दिवसात महिना उरकतो. हे झालं शरीराचं. पण बाई म्हणजे नुसतं गर्भाशय नव्हे, हे विज्ञानालाही उशिरा का होईना कळलं होतं. म्हणून मनगटाला एक पट्टा बांधायचा. तो काही आठवडे बाईची नाडी, झोप, चालणं, बसणं टिपतो, आणि तिचं बोलणं ऐकून ती केव्हा काय म्हणते तेही शिकतो. मग दोन्ही एकत्र करून यंत्र पडद्यावर सहा वर्षांनंतरची बाई उभी करतं. जितके उपाय तितक्या बाया. त्यांच्याशी बोलायचं आणि ठरवायचं.

"ज्योतिषासारखं?" केतकीने विचारलं.

"ज्योतिषी तुमचं नशीब सांगतो. हे तुमच्या सवयी सांगतं. जास्त घाबरण्यासारखं आहे," डॉक्टर म्हणाल्या.

पट्ट्याची मुदत संपली आणि पडद्यावर पाच केतक्या येऊन बसल्या. तेच नाक, तोच कपाळावरचा तीळ. खरी केतकी खुर्चीत सावरून बसली. आपल्याच घरी पाहुणी म्हणून जावं तसं तिला वाटलं.

पहिली होती गोळीवाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "नको गं बाई गोळ्या. रक्त थांबलं, पण कंबर गेली."

"तांबी तर मुळीच नको," तांबीवाली म्हणाली. "माझे दोन्ही गुडघे गेले."

"अस्तर जाळलं आणि डोकं तापलं बघ," तिसरी म्हणाली. "ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत."

बिनपिशवीची एकदम म्हणाली, "पिशवी गेली, तसा हौसेचा म्हणून जो काही भाग असतो तोही गेला. सांगू काय तुला."

राहिली पाचवी, काही न केलेली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा, पण डोळे हसरे. "मी अगदी मजेत!" एवढं म्हणून ती धापा टाकत थांबली.

डॉक्टर पुढे वाकल्या. "मजेत कसली! हिला यंत्र तिसऱ्या वर्षाच्या पुढे दाखवतच नाही."

"का?"

डॉक्टरांनी पाचवीचा आलेख दाखवला; तिसऱ्या वर्षात रेघ संपली होती. केतकीला ते कळलं. मरणारी तेवढी सुखात आणि जगणाऱ्या चौघी रडकुंडीला, हा कुठला न्याय?

निघता निघता आणखी एक चमत्कार. त्या चौघींनी एकामागून एक, अगदी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला, "काय गं, स्कोअर काय झाला?"

पाचही जणी मोबाइलवर घरी आल्या. तशी सोय होती, घरच्यांनीही बोलून घ्यावं म्हणून. घरच्यांनी बोलून घेतलं आणि घोटाळ्याला पाय फुटले.

श्रीपाद प्रत्येकीशी तासतासभर बोलायचा. बिचारा मनापासून विचारायचा, वहीत न लिहिता सगळं डोक्यात ठेवायचा आणि मग डोक्यात एकीची कंबर दुसरीच्या गुडघ्याला जोडायचा. "केतकी, मला वाटतं पिशवी जाळून टाकावी," एकदा म्हणाला.

"अहो, पिशवी काढतात. अस्तर जाळतात."

"मग तांबी कशात घालतात?"

सासूबाईंना बिनपिशवीची आवडली. "ती मला 'आई, पाय चेपू का' म्हणते. तू कधी म्हणतेस?"

"आई, ती मीच आहे."

"तू सहा वर्षांनी म्हणणार. मी तोवर असेन की नाही?"

शेजारच्या सरोजकाकू पेढ्यांच्या दुकानातून थेट येऊन तांबीवालीशी बोलून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तांबीने गुडघे जातात. दुसऱ्या दिवशी त्यात अस्तर जाळल्याने डोकं तापतं ह्याची भर पडली. तिसऱ्या दिवशी घाटावर एक बाई दुसरीला सांगत होती, की दवाखान्यात पिशवी काढतात आणि तिच्यातून माणसाची हौस काढून घेतात. ती कुठे विकतात एवढं मात्र तिला ठाऊक नव्हतं.

डॉ. चौगुल्यांचा फोन आला. "केतकीताई, तुमच्या गावच्या तीन बायकांनी माझ्याकडचे नंबर रद्द केले. गुडघ्यांची काळजी म्हणे! गर्भाशयाचा आणि गुडघ्याचा संबंध काय? तुम्ही ताबडतोब या. मला काही समजेनासं झालंय."

"मग मला कसं समजावं?" केतकी म्हणाली.

डॉक्टर पडद्यापुढे हताश बसल्या होत्या. "हे बघा आलेख. चौघींचा रक्तस्राव आटोक्यात. रक्त बाराच्या वर. चारही उपाय चोख चाललेत. आणि चौघींची तब्येत बसतेय! पंधरा वर्षांत असं पाहिलं नाही."

केतकी तांबीवालीकडे बघत होती. डॉक्टरी प्रश्न तिला सुचत नव्हते. म्हणून घाटावर बाई बाईला विचारते तसं तिने विचारलं, "काल दिवसभर काय केलंस गं?"

"काल? पहाटे उठले. पुरण शिजवलं, वाटलं. सत्तावीस पानं होती. ती उठली तर संध्याकाळी सांगलीहून एक बस आली. भाकऱ्या थापल्या. भांडी. आईंचे पाय चेपले. झोपले."

"आणि परवा?"

"तेच."

"त्याच्या आधी? मागच्या महिन्यात?"

तांबीवाली गोंधळली. "तेच की. तांबी बसवल्यापासून रोजच तेच. रक्त येतंय कुठे आता, बाजूला बसायला?" आणि मग पुन्हा हळूच, "स्कोअर सांग ना."

केतकी इतक्या जोरात हसली की बाहेरची नर्स आत डोकावली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं की कसलं हे तिचं तिलाही कळेना.

"डॉक्टर, गुडघे तांबीने गेले नाहीत. उभं राहून गेलेत."

तिने सगळं सांगितलं. खोली, खाट, कसोटी सामने. रक्त येतंय तोवर आराम, कोरडं झालं की चूल. पट्ट्याने तेच पाहिलं आणि यंत्राने तेच सहा वर्षं पुढे ओढलं. रक्त बंद, म्हणजे सुट्टी बंद. पांढरीफटक पाचवी तेवढी खाटेवर पडून मजेत, तिसऱ्या वर्षापर्यंत.

डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख बंद केला. "म्हणजे मी इलाज गर्भाशयाचा करतेय आणि तुमचा आजार स्वयंपाकघरात आहे."

"आजार दोन्हीकडे आहे हो. पाचवीची गत मला नको. पण ह्या चौघींचीही नको. मग मी जायचं कुठे?"

"यंत्राला काहीतरी वेगळं दाखवा. सांगून त्याला कळत नाही, बघून कळतं. मी रक्त थांबवायच्या गोळ्या देते, काही आठवड्यांपुरत्या. पट्टा बांधा. रक्त नसताना बसून दाखवा."

"एवढंच?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. त्या अविवाहित होत्या.

गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत रक्त थांबलं. पुढच्या सकाळी केतकी न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत श्रीपाद कणीक मळत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"झालीस मोकळी? ये. मी अभिषेकाला पळतो."

"मी बाजूला नाही," केतकी म्हणाली. "आणि आज स्वयंपाकालाही नाही."

श्रीपादचे हात कणकेत थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे आज मी बसणार आहे."

"बाजूला?"

"नाही. नुसती."

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय."

श्रीपादने आईकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, कणकेकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण ह्या घरात बाई एकतर चुलीपाशी असायची नाहीतर परसाकडच्या खोलीत. तिसरी जागाच कुणी बांधली नव्हती. शेवटी तो काकुळतीने म्हणाला, "अगं, मग तू आहेस तरी कुठे?"

केतकी मधल्या खोलीत सतरंजीवर जाऊन बसली. भाविक येऊ लागले. एकाने विचारलं, "वहिनी, बरं नाही का?" दुसऱ्याने विचारलं, "घरात काही झालंय का?" तिसऱ्या बाईंनी तर डोळे पुसून, "कोण गेलं हो?" म्हणून हात धरला. बसल्या जागी केतकी इतक्या लोकांना उत्तरं देत होती की त्यापेक्षा पुरण वाटणं सोपं. ती मुकाट उठली आणि पदर खोचला. पट्ट्याने तेही टिपलं.

दुपारी भांडी आवरताना सासूबाई काठी टेकत जवळ आल्या. उज्ज्वलाबाई म्हणजे घरातली शिस्त. त्यांच्यापुढे मांजरसुद्धा मिशा पुसून यायचं. त्यांनी दार लोटलं.

"अशी कशी गं तू मूर्ख?"

"आई, मी फक्त..."

"खरं कशाला बोललीस? 'बाजूला आहे' म्हणायचं आणि जायचं खोलीत. कोण बघायला येतंय?"

केतकीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "पण आई, गोळ्यांनी पाळी थांबलीय."

"माझी एक्कावन्नाव्या वर्षी थांबली. साठीपर्यंत मी दर महिन्याला चार दिवस बसत होते. तुझे सासरे म्हणायचे, 'आमच्या हिची प्रकृती भारी दणकट.'"

"आणि सोवळं? देवाला काय वाटेल?"

"विटाळ असताना चुलीला शिवले असते तर देवाचा अपराध. विटाळ नसताना चुलीपासून लांब बसले, ह्यात देवाचं काय गेलं? गेलं ते तुझ्या सासऱ्यांचं." सासूबाईंनी दार उघडलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "आणि ते पितळी पातेलं चिंचेने घास, नुसती राख फासू नकोस!"

दुसऱ्या दिवशी केतकीने कपाळाला हात लावून सांगितलं, "अहो, मी बाजूला आहे." श्रीपादच्या चेहऱ्यावरचा गोंधळ झरझर उतरला. जग पुन्हा जागेवर आलं. "बस, बस," म्हणाला, आणि कद शोधायला गेला. केतकी खाटेवर पडली. पुढचे काही आठवडे ती मन मानेल तेव्हा बाजूला बसायची. रक्ताचा थेंब नाही, चुलीचा धूर नाही. ओठांना रंग आला. मनगटावरचा पट्टा निमूटपणे सगळं बघत होता, आणि ऐकतही होता. हे ऐकण्याचं मात्र ती पार विसरली.

दत्तजयंती तोंडावर आली. ह्या वेळी श्रीपादही बरोबर निघाला. "मला काही कळत नाही ते कळत नाही, पण समोरासमोर ऐकतो तरी."

डॉक्टरांनी चौघींना पुन्हा उठवलं. पाचवीला उठवलंच नाही. चौघींना पाहून केतकीचा जीव भांड्यात पडला. भरलेले गाल, सरळ कंबर, तांबीवाली तर गुडघे मुडपून मांडी घालून बसलेली.

"वा!" डॉक्टर खुलल्या. "काय म्हणते तब्येत?"

गोळीवाली म्हणाली, "चांगली आहे. पण गोळी विसरते अधनंमधनं, आणि मग मळमळतं."

"मला सुरुवातीचे चार-पाच महिने डाग पडायचे. आता काही जाणवत नाही," तांबीवाली म्हणाली. तिसरीच्या पोटात कधीमधी कळा यायच्या. बिनपिशवीचीला ऑपरेशननंतर उठायला दीड महिना लागला, पण तीही आता ठणठणीत.

"आणि रक्तस्राव?"

तांबीवाली तोंड उघडणार, तेवढ्यात तिला केतकीच्या मागे उभा असलेला श्रीपाद दिसला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जातं की अंगावरून. महिन्यातले आठ-दहा दिवस बाजूला बसावंच लागतं."

डॉक्टरांनी आलेख पाहिला. सपाट रेघ. पुन्हा पडदा पाहिला. "थेंब दिसत नाही इथे."

"मलाही जातं," गोळीवाली म्हणाली.

"मलाही," तिसरी.

श्रीपाद हवालदिल झाला. "डॉक्टर, म्हणजे एकही उपाय लागू पडत नाही? मग पिशवी काढलेलीच बरी. तिला तरी..."

"नाही हो," बिनपिशवीचीने तितक्याच सोशिकपणे कपाळाला हात लावला. "मी पण बाजूलाच आहे आज."

डॉक्टरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "पिशवी नाही," त्या एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "आणि पाळी आहे?"

"दर महिन्याला," बिनपिशवीची म्हणाली.

केतकीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आपणच आपल्याला असं उघडं पाडावं, तेही सहा वर्षं आधी! श्रीपाद पडद्याकडे बघत होता. मग केतकीकडे बघितलं. मग कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे बघत पुटपुटला, "आईला तर साठीपर्यंत..."

"श्रीपादराव, तुम्ही जरा बाहेर..." डॉक्टर म्हणाल्या.

"नको, थांबू देत," केतकी म्हणाली. "अहो, मला रक्त नकोय. बसणं हवंय. रक्त येत होतं तोवर तुम्ही मला बसू देत होता, म्हणून मी मरायला टेकेपर्यंत डॉक्टरकडे आले नाही. आता बरी होऊन मला त्या पहिल्या चौघींसारखं व्हायचं नाही, आणि जन्मभर कपाळाला हात लावायचाही कंटाळा येईल. एवढंच आहे. ह्यात न कळण्यासारखं काही नाही."

"नाही," श्रीपाद म्हणाला. "म्हणजे, आहे. म्हणजे कळलं." त्याने घाम पुसला. सवयीने तो पडद्याकडेच वळला आणि तांबीवालीला विचारलं, "मग त्या आठ-दहा दिवसांत स्वयंपाक कोण करतं?"

"तुम्हीच की."

"बरा होतो?"

"आमटीत गूळ जास्त पडतो. पण लोक येतात."

डॉक्टरांनी चष्मा वर चढवला. "केतकीताई, आता उपाय निवडता का? आज तरी?"

"तांबी बसवा. कापाकापी नाही, विसरायची भीती नाही, आणि नाही जमली तर काढता येते. गुरुवारी बसवा."

"गुरुवारी?" श्रीपादच्या तोंडून सुटलं. "अगं, दत्ताचा वार! चाळीस पानं असतात गुरुवारी!"

पडद्यावरच्या चौघींनी आणि खुर्चीतल्या एकीने त्याच्याकडे पाहिलं. पाच तीळ, दहा डोळे. श्रीपाद थोडा वेळ बोटांवर कसलासा हिशेब करत राहिला, मग कुठल्या केतकीला विचारावं ते न सुचून सगळ्यांनाच मिळून म्हणाला, "चाळीस पानांच्या आमटीला गूळ किती घालायचा गं?"

पडद्यावरच्या चौघींनी एकदम तोंडं उघडली.

"सांगू नका गं कुणी," केतकी म्हणाली.